रजिस्टरात नसलेला हात

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : डावा हात.

महोदय,


अर्जाचा विषय एका ओळीत मावला पाहिजे, असं मी पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या मुलांना शिकवलं. वरच्या ओळीहून लहान मला काही जमलं नाही. आता त्या ओळीचा विस्तार सांगते. लांबेल, कारण हातही लांबला नाही तरी जाड झालाच आहे.

भंडारा जिल्ह्यात राहते. २०२१ च्या नोव्हेंबरात नागपूरच्या एका रुग्णालयात माझ्या डाव्या स्तनाच्या गाठीचं ऑपरेशन झालं आणि त्याच वेळी काखेतल्या सतरा गाठी काढल्या. पुढे केमो, मग रेडिएशन. डॉक्टर चांगले होते, सिस्टर चांगल्या होत्या, मी जिवंत आहे आणि ते त्यांच्यामुळे आहे. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून मी कृतघ्न आहे असं वाटायला नको. घरी सोडताना हातात जो कागद दिला त्यात गोळ्या होत्या, टाके केव्हा दाखवायचे ते होतं, पुढची तारीख होती. हाताबद्दल एक अक्षर नव्हतं.

चौदा महिने काही झालं नाही. २०२३ च्या संक्रांतीच्या आदल्या दिवशी कासारीण बांगड्या भरायला आली. उजव्या हातात नेहमीच्या मापाच्या सहा चढल्या. डाव्या हाताला तिने साबण लावला, अंगठा मुडपला, दोन फुटल्या. "बाई, तुमचा हात फुगला कावून जी?" असं तिने विचारलं, तेव्हा पहिल्यांदा मी माझे दोन्ही हात शेजारी शेजारी ठेवून पाहिले. ब्लाउजची डावी बाही दोन महिन्यांपासून काचत होती, पण त्याचं खापर मी शिंप्यावर फोडलं होतं. नंतर अशा बऱ्याच बायकांशी बोलले. हाताला काही होतंय हे कुणाला कासारणीने सांगितलं, कुणाला शिंप्याने, एकीला अंगठीने. डॉक्टरने पहिल्यांदा सांगितलं अशी मला एकही भेटली नाही.

या सुजेला लिम्फेडेमा म्हणतात. मराठीत लसीका-सूज म्हणावं तर लोकांना लस आठवते आणि ते विचारतात, कोणती घेतली होती? पण आपल्या भाषेला ही वाट फार पूर्वीपासून माहीत आहे. पायात काटा मोडून पिकला की जांघेत गाठ येते, तिला आपण अवधाण म्हणतो. जखम तळपायाला, गाठ जांघेत. म्हणजे पायापासून जांघेपर्यंत जाणारा, रक्ताच्या शिरांहून वेगळा रस्ता आहे, हे माझ्या आजीला कुठलंही पुस्तक न वाचता ठाऊक होतं. त्याच जातीचा रस्ता हातातून काखेकडे जातो. रक्तवाहिन्यांतून झिरपून पेशींच्या भोवती साचणारं पाणी, त्यातली प्रथिनं, जंतूंचे अवशेष, सगळं हा रस्ता गोळा करतो, वाटेतल्या गाठींमध्ये गाळतो आणि मानेच्या बुडाशी मोठ्या शिरेत परत ओततो. दिवसाला दोन ते चार लिटर. हृदयासारखा पंप त्याला नाही. वाहिन्यांचं स्वतःचं हलकं आकुंचन, स्नायूंची हालचाल आणि श्वास, एवढ्यावर काम चालतं. काखेतल्या गाठी काढल्या, वरून रेडिएशनने तिथली कातडी आणि मांस घट्ट झालं, की हा रस्ता अरुंद होतो. मग एखाद्या दिवशी, वर्षाने, कधी पाच वर्षांनीही, हात भरायला लागतो.

ऑपरेशननंतरची प्रत्येक सूज अशी नसते, हेही सांगायला हवं. गुडघा बदलला, पोटाची चरबी काढली, सिझेरियन झालं, तरी अंग सुजतं. पण तिथे रस्ता बहुतेक शाबूत असतो आणि काही आठवड्यांत पाणी आपलं आपण उतरतं. माझ्या हाताचं तसं नाही. तो जन्मभराचा भाडेकरू आहे.

२०१३ साली 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त जगभरचे अभ्यास एकत्र करून एक हिशेब मांडला होता: स्तनाच्या कर्करोगातून वाचलेल्या साधारण पाचातल्या एकीला हा त्रास होतो. काखेतल्या गाठी सरसकट काढल्या तर प्रमाण जास्त, निवडक एकदोन गाठी काढून तपासल्या तर फार कमी. म्हणजे टाळण्याची पहिली संधी सर्जनच्या हातात असते. अमेरिकेत गिलियानो आणि सहकाऱ्यांनी ८९१ बायकांच्या अभ्यासातून दाखवलं की निवडक रुग्णांमध्ये एकदोन गाठींत रोग सापडला तरी सगळी काख रिकामी करावीच लागते असं नाही. आपल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयानेही काखेच्या खालच्या भागातल्या थोड्याच गाठी काढून तपासण्याची, महागड्या सामग्रीवाचून जमणारी पद्धत अभ्यासून मांडली आहे. माझी वेळ गेली. माझ्या गाठींत रोग होता, काढाव्याच लागल्या. पण पुढच्या बाईचा हात वाचू शकतो.

आता मालीशकडे येते, कारण या पत्राला कारण तीच झाली.

गावातल्या डॉक्टरांनी लघवीची गोळी दिली. दोन दिवस हात थोडा उतरला, मग होता तसा. का, ते मला खूप नंतर कळलं: गोळी पाणी बाहेर काढते, प्रथिनं तिथेच राहतात आणि ती पुन्हा पाणी ओढून घेतात. शेजारणीने शेकायला सांगितलं. मग पुतणीने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. गुळगुळीत हातांची एक बाई दुसऱ्या बाईच्या पायावरून लाकडी लाटणं फिरवत होती आणि खाली 'लिम्फॅटिक ड्रेनेज' असं लिहिलं होतं. नागपुरात असं एक पार्लर निघालं. बोर्डावर 'ऑपरेशननंतरची सूज' हे शब्द होते. दहा बैठकांचे पैसे आधी घेतले. नाव लिहीत नाही. तिथे मालीश करणाऱ्या पोरीचा राग मला आजही येत नाही, तिला दोन दिवसांत जेवढं शिकवलं तेवढं तिने मन लावून केलं.

तिने काय केलं? जे आपण सगळे करतो. आपल्याकडे मालीश म्हणजे रगडणं. बाळंतिणीला अंग चोळून देणारी बाई जेवढी जोराची तेवढी तिची ख्याती. अंग लाल झालं, तोंडातून 'आई गं' निघालं, की पैसे वसूल. मीही दोन बाळंतपणांत रगडून घेतलं आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तेल गरम होतं, लाटणं होतं, हात मनगटाकडून वर दाबत नेला. तिसऱ्या बैठकीनंतर हात चढला. पाचव्या दिवशी दंडावर लाल चट्टा उठला, थंडी वाजून ताप आला आणि मी चार दिवस सलाइनवर होते. त्याला सेल्युलायटिस म्हणतात, कातडीखालचा जंतुसंसर्ग. सुजलेल्या हातापर्यंत जंतूंशी लढणारी फौज नीट पोचत नाही, त्यामुळे एवढीशी खरचटही पुरते. लाटण्याने खरचटलं की तेलाने, की त्याच वेळी नखाजवळ चाकू लागला होता त्याने, ते मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण लाल, गरम, ठणकणाऱ्या हातावर तिने सहाव्या दिवशीही मालीश करायची तयारी दाखवली होती, आणि संसर्ग असताना हाताला मालीशचा हात लावायचा नसतो हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. शिरेत रक्ताची गुठळी असली तरी लावायचा नसतो, हृदय थकलेलं असलं तरी नाही.

तिथे दवाखान्यात मला एक मुलगी भेटली. फिजिओथेरपिस्ट, वय सव्वीस-सत्तावीस. तिने माझा हात हातात घेतला आणि हाताला हातच लावला नाही. म्हणजे असं: मला उताणी झोपवून आधी पोटात खोल श्वास घ्यायला लावला. मग मानेच्या दोन्ही बाजूंना, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खळगीत, बोटांनी कातडी हलकेच ताणली आणि सोडली. मग उजवी काख. मग डावी जांघ. मी म्हटलं, "पोरी, सुजलाय तो डावा हात." ती म्हणाली, "काकू, तुमच्याकडे बांध्या असतील ना धानाच्या? वरच्या बांधीतलं पाणी काढायचं तर आधी कुठं तोंड फोडता?"

भंडाऱ्याच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. आधी खालच्या बांधीचा धुरा फोडायचा. तिथलं पाणी निघालं की मगच वरचं सोडायचं, नाहीतर वरचं खाली येऊन नुसतं तुंबतं आणि धुरा वाहून जातो. पार्लरच्या पोरीने वरची बांधी दाबली होती आणि खालची तुडुंब भरलेली होती. या मुलीने आधी मानेपाशी, मग पलीकडच्या काखेत आणि जांघेत, जिथे गाठी अजून शाबूत होत्या तिथे जागा केली. मग छातीवरून, पाठीवरून त्या दिशेने. मग खांद्याजवळचा दंड, मग कोपर, मग पुढचा हात, आणि सगळ्यात शेवटी पंजा. पण प्रत्येक वेळी ढकलणं वरच्याच दिशेला. दाब किती? मिटलेल्या पापणीवर बोट ठेवावं एवढा. तेल नाही, कारण बोट घसरायला नको, कातडी ताणली गेली पाहिजे. या बारीक वाहिन्या कातडीच्या अगदी खाली असतात आणि जोराने दाबलं की त्या उघडायच्या ऐवजी मिटतात. पाऊण तास. मला झोप लागली. उठून म्हटलं, झालं? मालीश केव्हा करणार?

ही पद्धत एका डॅनिश जोडप्याची आहे. एमिल आणि एस्ट्रिड व्हॉडर. १९३० च्या दशकात ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर कान येथे काम करत होते. जुन्या सर्दीचे, सायनसचे रुग्ण त्यांच्याकडे येत, त्यांच्या मानेतल्या गाठी सुजलेल्या असत. गाठींना हात लावू नये असा त्या काळचा दंडक होता. यांनी लावला, अगदी हलका. १९३६ साली पॅरिसच्या एका प्रदर्शनात त्यांनी हे लोकांपुढे मांडलं, आणि गंमत म्हणजे ते प्रदर्शन आरोग्य आणि सौंदर्य या दोन्हींचं होतं. तेव्हा पार्लरवाल्यांचा हक्क अगदीच उपटसुंभ नाही, असं म्हणावं लागेल! पण सुजलेल्या हातापायांसाठी नुसती मालीश पुरत नाही, हे त्याच्याही आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विनिवार्टर नावाच्या ऑस्ट्रियन सर्जनने ओळखलं होतं. मालीश, पट्ट्यांचा दाब, हात उंच ठेवणं, व्यायाम हे सगळं एकत्र करा, असं तो सांगत होता. पुढे जर्मनीत मिखाएल फोल्डी आणि त्यांच्या पत्नीने त्याची नीट घडी बसवली, आणि आज जगभर तीच वापरतात: आधी काही आठवडे रोज मालीश, पट्ट्या, व्यायाम आणि कातडीची निगा, मग जन्मभर घट्ट बाही, व्यायाम आणि कातडीची निगा.

आणि आता मी जे सांगणार आहे त्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले. मी तुमच्याकडे मालीश मागायला आलेले नाही.

आधी येणार होते. त्या मुलीच्या हाताने मला पहिल्यांदा झोप लागली, हात हलका वाटला. गेल्या वर्षी मी या अर्जाचा पहिला मसुदा लिहिला, त्यात मागणी होती 'प्रत्येक जिल्ह्यात मालीश करणारी एक प्रशिक्षित व्यक्ती'. तो मी तिलाच वाचायला दिला. तिने वाचला आणि मान हलवली. "काकू, यातलं सगळ्यात कमी कामाचं तुम्ही सगळ्यात वर लिहिलंय." मग तिने मला तिच्या विषयातले निबंध समजावून सांगितले. बेल्जियममध्ये २०११ साली १६० रुग्णांवर अभ्यास झाला: ऑपरेशननंतर व्यायाम आणि सूचना सगळ्यांनाच दिल्या, अर्ध्यांना शिवाय ही मालीश दिली. सूज टाळण्यात मालीशने मोठा फरक पडला असं दिसलं नाही. आधीचे अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याचा सूर असा की ही मालीश सुरक्षित आहे, आणि पट्ट्यांच्या जोडीला केली तर थोडा जास्तीचा फायदा होऊ शकतो, विशेषतः सूज हलकी किंवा मध्यम असेल तर. नंतर बेल्जियममध्येच १९४ रुग्णांवर पुन्हा तपासलं. यावेळी हातातल्या वाहिन्या रंगद्रव्य टोचून कॅमेऱ्यात पाहत, अचूक त्या वाटेवरून मालीश केली. त्यानेही बाकीच्या उपचारात काही भर पडली नाही.

मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्याला हाताने केलेलं पटतं. कुणी पाऊण तास आपल्या दुखऱ्या अंगाशी बसलं, ही गोष्ट पट्टीत नाही, बाहीत नाही. त्याआधी तीन महिन्यांत गावात मला नवऱ्याखेरीज कुणी शिवलंसुद्धा नव्हतं. कर्करोग लागत नाही हे गावाला अजून पटायचं आहे. त्या मुलीचा हात मला औषध म्हणून लागू पडला की माणूस म्हणून, हे टेपने मोजता येत नाही. पण सरकारकडे मागायचं तर मोजता येतं तेच मागावं.

मोजलेलं असं आहे. मनगटापासून पंधरा सेंटिमीटर वर टेप लावली तर माझा उजवा हात २४ भरतो. डावा दवाखान्यात भरती झाले तेव्हा ३१ होता. तीन आठवडे पट्ट्या बांधल्यावर २७ वर आला आणि दोन वर्षं तिथेच आहे. या पट्ट्या म्हणजे औषधाच्या दुकानातलं क्रेप बँडेज नव्हे. ते रबरासारखं ताणतं. यांना ताण कमी असतो, त्यामुळे हात हलवला की स्नायू आतून दाबतात, पट्टी बाहेरून हटत नाही आणि मधलं पाणी पुढे सरकतं. आत सुती नळी, त्यावर कापसाचा थर, त्यावर पट्ट्या. दिवसाचे तेवीस तास. एक तास आंघोळीला. आमचे हे एस.टी.त कंडक्टर होते. पहिल्या दिवशी शिकले, दुसऱ्या दिवसापासून तिकिटाच्या गड्डीसारखं मोजून गुंडाळायला लागले. प्रत्येक वेढा निम्म्या वेढ्यावर, बोटांपाशी घट्ट, वर सैल. आता मालीशही तेच करतात, दहा मिनिटं, आणि ती चुकली तरी हात बिघडत नाही हे मी स्वतः पाहिलं आहे. बाही चुकली की दोन दिवसांत टेप सांगते.

बाही मापाने घ्यावी लागते, पंजासकट. मला पहिली साडेतीन हजारांना पडली. सहा महिन्यांत तिचा ताण जातो, म्हणजे वर्षाला दोन. पेन्शन आहे म्हणून जमतं. माझ्या मागच्या गल्लीतली एक बाई, वय बेचाळीस, रोवणीला जाते, तिचा हात माझ्यापेक्षा जाड आहे. तिने बाही विकत घेतली नाही. तिने जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बांधली होती. मी पाहिलं तेव्हा ट्यूबखालची कातडी सोललेली होती आणि ती गुडघाभर चिखलात पऱ्हे रोवत होती.

तिच्या ऑपरेशनचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. त्या योजनेने किती घरं वाचवली हे मी जवळून पाहिलं आहे, आणि आता कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पण बाहीबद्दल विचारायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, "ऑपरेशन झालं ना बाई? मग पॅकेज संपलं." तो खोटं बोलत होता की नियम सांगत होता, तो शोध मी घेतला नाही. त्याला नि:शंक उत्तर देता यावं अशी एक ओळ तुमच्या यादीत असावी, एवढंच म्हणते. स्तनाच्या ऑपरेशनच्या पॅकेजात पट्ट्यांचा एक संच आणि वर्षाला दोन बाह्या, असं त्यात स्पष्ट लिहा. केमोच्या एका फेरीच्या खर्चापुढे ती रक्कम किती, ते तुमचे अधिकारी माझ्यापेक्षा लवकर काढतील.

आणि दुसरं. आमच्या उपकेंद्रात एक रजिस्टर आहे. हत्तीरोगाच्या रुग्णांचं. आमच्या पूर्व विदर्भात हत्तीपाय हा काही पाठ्यपुस्तकातला आजार नाही, तलावांचा आणि डासांचा मुलूख आहे. वर्षात एकदा गोळ्या वाटतात, समोर उभं राहून गिळायला लावतात. रात्री बोटाला टोचून रक्त घ्यायला पथक येतं, कारण त्या जंतूंची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात. आणि ज्यांचे पाय आधीच सुजलेले आहेत त्यांना टब, मग, साबण, टॉवेल, मलम असा संच मिळतो. पाय कसा धुवायचा, बोटांच्या बेचक्या कशा कोरड्या करायच्या, पाय उंच कसा ठेवायचा, हे दाखवतात. उत्तम काम आहे. मी शाळेत असताना या मोहिमेत मुलांना रांगेत उभं केलं आहे.

तो पाय आणि हा हात, महोदय, एकाच रस्त्याचे अपघात आहेत. तिथे रस्ता जंतूंनी नासवला, इथे सर्जनने जीव वाचवायला तोडला. पुढचं सगळं सारखं: तीच सूज, तीच घट्ट होत जाणारी कातडी, तोच लाल चट्टा आणि थंडीताप, तीच निगा. केरळात कासारगोडला १९९९ पासून एक संस्था अशा सुजेवर काम करते. आयुर्वेद, योगातले श्वास आणि पट्ट्यांचा दाब यांची सांगड घालून, आणि मुख्य म्हणजे घरच्या माणसाला शिकवून परत पाठवते. आमच्याकडे मात्र पाय एका खात्यात आणि हात कुठल्याच खात्यात नाही. ज्या आशाताई माझ्या शेजारच्या आजोबांच्या पायाची विचारपूस करायला दर महिन्याला येतात, त्या माझ्या दारावरून जातात. हात दाखवला तर त्यांना कळतं, पण लिहायला रकाना नाही.

तो रकाना द्या. आणि हत्तीपायाचं आणि हाताचं शिकवणं एकाच ठिकाणी, एकाच दिवशी करा. शिकवायला माणूस हवा. अमेरिकेत या कामासाठी १३५ तासांचं प्रशिक्षण मागतात. आपल्याकडे फिजिओथेरपिस्टला या विषयात अधिकचं शिकवता येईल, जिल्ह्याला एक जरी पाठवली तरी ती पुढे दहा आशाताईंना टेप लावायला शिकवेल. २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात फिजिओथेरपिस्ट आहेत. पार्लरच्या बोर्डावर 'ऑपरेशननंतरची सूज' लिहिणाऱ्यांना मात्र कुणी विचारत नाही. तुम्ही विचारू शकता.

आणि एक फुकटची गोष्ट. ऑपरेशनच्या आधी दोन्ही हात टेपने मोजून डिस्चार्जच्या कागदावर लिहा. पाच मिनिटं लागतात. पुढच्या प्रत्येक भेटीला पुन्हा मोजा. कासारीण येण्याच्या आत कळेल, आणि लवकर कळलेल्या हाताला बहुधा बाही पुरते, पट्ट्या लागत नाहीत.

काय करू नका तेही सांगते, कारण कागदावर कुणीतरी ते लिहिणारच. 'वजन उचलू नये' असं छापू नका. ही सूचना पूर्वी सगळ्यांना देत. २००९ साली अमेरिकेत कॅथरिन श्मिट्झ यांनी सुजलेल्या हातांच्या १४१ बायकांचा अभ्यास केला. ज्यांनी बाही घालून, हळूहळू वाढवत, शिकवणाऱ्याच्या नजरेखाली वजनं उचलली, त्यांची सूज वाढली नाही, उलट ती मध्येच उफाळण्याचं प्रमाण कमी झालं. आमच्या गल्लीतल्या बाईला तीन वर्षं 'पाण्याचा गुंड उचलू नको' असं सांगत होते. नळ पाऊण किलोमीटरवर आहे. ती उचलत होती आणि प्रत्येक वेळी घाबरत होती. आता ती बाही घालून उचलते. बाही माझी जुनी आहे, ताण अर्धा गेलेली, पण ट्यूबपेक्षा बरी. कातडी भरून आली आहे. रोवणीच्या वेळी तिला रबरी हातमोजे दिले, ते तिने दुसऱ्या दिवशी परत केले, चिखलात रोप हाताला लागत नाही म्हणाली. ते तिचं बरोबर आहे. यावर उपाय मला सुचलेला नाही. रोवणीनंतर साबणाने हात धुऊन खोबरेल लावते, तेवढं कबूल केलंय.

आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात पहिल्या मजल्यावर जिन्याजवळ एक खोली आहे. गुरुवारी तिथे कुणी बसत नाही. मी विचारून आले. टेबल आहे, दोन खुर्च्या आहेत, पंखा चालतो. खिडकीची एक काच फुटली आहे, ती आमचे हे बसवून देतो म्हणतात. ती नागपूरची फिजिओथेरपिस्ट मुलगी महिन्यातून एका गुरुवारी यायला तयार आहे, एस.टी.चं भाडं मिळालं तर. टेप माझ्याकडे आहेत, शिवणवर्गातल्या, चार.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
भंडारा जिल्हा